नसलेल्या झेंड्यांची शिलाई

२०२६ म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं अडीचशेवं वर्ष. अशा वर्षात जुने झेंडे घाऊक भावात जन्माला येतात. चकचकीत पॉलिएस्टरवर छापलेले, कडेला पितळी छल्ले ठोकलेले, आणि वर ‘अस्सल’ असा शिक्का. त्यांच्यामागोमाग एक वादही येतोच. जो झेंडा आज चिंधीच्या रूपातही उरलेला नाही, तो निव्वळ लेखी वर्णनावरून पुन्हा करावा का? हौशी मंडळी म्हणतात, करायचाच, लोकांना इतिहास डोळ्यांनी दिसायला हवा. अभ्यासू मंडळी म्हणतात, मुळीच नाही, वर्णन आहे ते वर्णन म्हणून वाचा, त्यावर कल्पनेचं कापड चढवू नका. मी बराच काळ या दुसऱ्या बाजूला होते. आता नाही. कारण दोन्ही बाजू एक गोष्ट न तपासता धरून चालतात, ती म्हणजे छापील मजकूर निर्धोक आणि कापड धोक्याचं. निदान एका प्रकरणात तरी मला हे नेमकं उलटं दिसतं. तिथे मजकुराचीच जास्त मोडतोड झाली आहे, आणि ती थांबवायची असेल तर झेंडे शिवायला घ्यावेत. सगळे घ्यावेत, आणि आपला अंदाज कुठे सुरू होतो ते लांबूनही कळेल असे शिवावेत.

प्रकरण फिलाडेल्फियाचं आहे, १७४७ सालचं. इंग्लंडचं फ्रान्स आणि स्पेनशी युद्ध चालू होतं. त्या उन्हाळ्यात शत्रूची परवानाधारक लुटारू जहाजं डेलावेअरच्या खाडीत शिरून काठावरचे मळे लुटून गेली. पेनसिल्वेनियाच्या कायदेमंडळावर क्वेकर पंथीयांची पकड. शस्त्र उचलणं त्यांच्या श्रद्धेत बसत नाही, त्यामुळे वसाहतीला ना फौज, ना नदीवर तोफखाना. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा एकेचाळीस वर्षांचा छापखानेवाला होता. नोव्हेंबरात त्यानं ‘फिलाडेल्फियाचा एक कारागीर’ अशा सहीनं पत्रक काढलं आणि पाठोपाठ सभा घेतल्या. सरकार काही करत नसेल तर आपणच सह्या करू, आपल्याच बंदुका आणू, आपले अधिकारी आपणच निवडू. २४ नोव्हेंबरला एकाच बैठकीत पाचशेवर सह्या झाल्या. पुढे प्रांतभर मिळून हा आकडा दहा हजारांपलीकडे गेला, असं फ्रँकलिन आत्मचरित्रात सांगतो. त्याला कर्नलपद देऊ केलं तर त्यानं नाकारलं आणि साधा शिपाई म्हणून रात्रीचा पहारा दिला. तोफा हव्या होत्या म्हणून मंडळी न्यूयॉर्कच्या गव्हर्नरकडे गेली. त्यानं आधी साफ नकार दिला. मग पंगतीत मदिरा वाइनचे प्याले रिचत गेले तसा तो सहा तोफांवर आला, मग दहावर, शेवटी अठरांवर. (इतिहासातल्या किती लष्करी निर्णयांच्या मुळाशी अशी पंगत असेल, देव जाणे.) तिकडे लंडनमध्ये वसाहतीचा मालक थॉमस पेन मात्र हादरला. सरकारच्या परवानगीवाचून लोक कवायत करतात, म्हणजे हे राजद्रोहाच्या जवळपासच. हा फ्रँकलिन धोकादायक माणूस आहे, तो दुसऱ्या कुठल्या देशात राहता तर बरं झालं असतं, असं त्यानं पत्रात लिहून ठेवलं.

या ‘असोसिएटर’ म्हणवणाऱ्या स्वयंसेवकांना झेंडे दिले ते शहरातल्या बायकांनी. आपापसांत वर्गणी काढून त्यांनी रेशमी झेंडे तयार करवले आणि तुकड्यांना भेट दिले. त्यांवरची चित्रं आणि बोधवाक्यं फ्रँकलिननं पुरवली. मग १७४८ च्या जानेवारीत, आणि पुन्हा एप्रिलमध्ये, त्यानं आपल्या ‘पेनसिल्वेनिया गॅझेट’मध्ये त्यांची यादी छापली. जानेवारीचा अंक जुन्या गणनेनं १७४७ चाच, कारण तेव्हाच्या इंग्रजी पंचांगात नवं वर्ष २५ मार्चला लागे. यादीत विसेक झेंडे आहेत. आज आपल्या हातात आहे ती एवढी यादी.

या यादीतला एक झेंडा वादविवादांत वारंवार बाहेर काढला जातो. त्याचं बोधवाक्य ‘इन गॉड वुई ट्रस्ट’, देवावर आमची भिस्त. हेच शब्द १८६४ मध्ये अमेरिकेच्या दोन सेंटांच्या नाण्यावर आले आणि १९५६ मध्ये देशाचं अधिकृत बोधवाक्य झाले. धर्म आणि राज्य यांच्या भांडणात ज्यांना हे वाक्य जुनं, मुरलेलं, थेट फ्रँकलिनच्या हातचं ठरवायचं असतं त्यांना ही यादी म्हणजे पर्वणी. अवतरण खोटं आहे का? नाही. शब्द तिथे आहेतच. पण त्या शब्दांच्या आधी त्याच ओळीत चित्राचं वर्णन आहे, छोटा मुकुट आणि पिसांचा तुरा. इंग्लंडच्या युवराजाची खूण हीच. म्हणजे ज्या झेंड्यावर देवाचं नाव आहे त्याच झेंड्यावर राजघराण्याचं चिन्ह आहे. एप्रिलच्या यादीत तर सेनापतीच्या वेशातला ड्यूक ऑफ कंबरलंड आहे. दोनच वर्षांपूर्वी कलोडेनच्या रणात स्कॉटिश बंडखोरांची कत्तल केल्याबद्दल ‘खाटीक’ हे नाव मिळवलेला, खुद्द राजाचा मुलगा. खाली लॅटिनमध्ये ‘देवासाठी आणि राजा जॉर्जसाठी’. या लोकांना १७७६ च्या क्रांतिकारकांचे पूर्वज म्हणून रंगवायचं, तर या ओळी गिळाव्या लागतात. आणि मजकुरात गिळणं फार सोपं असतं. चार शब्द उचला, अवतरणचिन्हात घाला, खाली साल टाका, झालं.

झेंडा शिवायला बसलं की ही सोय संपते. चित्रकार विचारणारच, मध्यभागी काय काढू? तिथे मुकुट काढावा लागतो, तुरा काढावा लागतो, आणि मग देवाचं वाक्य त्याच्या पायाशी पट्टीवर जातं. तो झेंडा कोणी मोर्च्यात नेला तरी मुकुट बरोबरच जाईल. माझा सगळा मुद्दा या एका झेंड्यावर उभा करता येईल.

आता विरुद्ध बाजूचं बळ मान्य केलं पाहिजे, आणि ते थोडंथोडकं नाही. अमेरिकेच्या पहिल्या झेंड्याची गोष्ट पाहा. बेट्सी रॉस नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडे खुद्द वॉशिंग्टन आला, तिनं कात्रीच्या एका झटक्यात पाच टोकांची चांदणी कापून दाखवली. ही गोष्ट लोकांपुढे कधी आली? १८७० मध्ये, तिच्या नातवानं पेनसिल्वेनियाच्या इतिहास मंडळापुढे निबंध वाचला तेव्हा. १८९३ मध्ये त्या प्रसंगाचं भलंमोठं तैलचित्र आलं, आणि नंतर शाळेच्या भिंतीवरच्या चित्राशी कोण भांडणार? वास्तविक १७७७ च्या मे महिन्यात पेनसिल्वेनियाच्या आरमारी मंडळानं जहाजांचे झेंडे शिवल्याबद्दल तिला पैसे दिल्याची नोंद आहे. बाई खरी, शिवण खरी, प्रसंग मात्र निराधार. तसाच ‘बेनिंग्टनचा झेंडा’. मधोमध मोठा ७६ आकडा, सात टोकांच्या चांदण्या, १७७७ च्या लढाईत फडकला अशी घराण्यातली सांगी. लाखो प्रती खपल्या. पुढे कापड तपासलं तर सूत यंत्रावर काढलेलं निघालं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं. एकदा चित्र डोळ्यांत बसलं की पुरावा मागे पडतो, हे अभ्यासकांचं म्हणणं खरं आहे. मीही ते याच दोन उदाहरणांवरून शिकले.

पण याच उदाहरणांकडे पुन्हा पाहावं. फसवलं कोणी? बेट्सी रॉसच्या गोष्टीत कापड कुठेच नाही. तिथे आजीची आठवण आहे, निबंध आहे, कॅनव्हास आहे. बेनिंग्टनमध्ये खोटं बोलली ती सांगी. खोटं पकडलं कोणी? सुतानं. कापडाला गप्प बसता येत नाही. त्याला पोत असतो, वीण असते, शिवण असते, आणि प्रत्येक गोष्ट काही ना काही चुगली करते. यावर कोणी म्हणेल, आज नव्यानं शिवलेल्या झेंड्याचं सूत आजचंच असणार, ते कसली चुगली करणार? बरोबर. म्हणूनच नव्या झेंड्यात प्रामाणिकपणा आपण मुद्दाम विणावा लागतो, तो आपोआप येत नाही. पण करून पाहताना जे कळतं ते वाचून कळत नाही, यावर मी ठाम आहे.

उदाहरणादाखल कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, घ्या. यादीत ‘रेशमी झेंडा’ एवढंच आहे, आणि वाचताना आपण मनात एक सलग चौकोन फडकवतो. पण तेव्हाच्या हातमागावरच्या रेशमाचा पन्हा साधारण वीस-बावीस इंचांचा. सहा फुटांचा झेंडा करायचा तर तीन-चार पट्टे एकमेकांना जोडावे लागणार, म्हणजे सिंहाच्या पोटातून किंवा स्वातंत्र्यदेवीच्या गळ्यातून शिवण जाणार. चित्र काढणाऱ्याला ती शिवण टाळून मांडणी करावी लागली असेल. मग चित्र रंगवायचं कसं? मी गेल्या पावसाळ्यात लक्ष्मी रोडवरून हातभर कोरं रेशीम आणलं आणि त्यावर तैलरंगात एक तलवार काढली. दोन दिवसांत तलवारीभोवती तेलाचं पिवळट वलय पसरलं, जणू कोणी भज्याचा कागद ठेवून गेलं होतं. दुसऱ्या तुकड्याला आधी सरसाचं पातळ पाणी दिलं, खळीसारखं, तेव्हा कड राहिली, पण कापड पापडासारखं ताठ झालं आणि घडी पडली तिथे तडकलं. दोन तुकड्यांत कळलं की असे झेंडे का टिकत नाहीत. रंग आणि रेशीम यांचं आपसात पटत नाही. शिवाय झेंड्याला दोन बाजू. एका बाजूला उजव्या पंज्यात तलवार घेतलेला सिंह दुसऱ्या बाजूनं डावखुरा होतो, आणि अक्षरं तर उलटी चालतच नाहीत, ती पुन्हा लिहावीच लागतात. म्हणजे कामही दुप्पट, रंगाचं वजनही दुप्पट. हे सगळं फ्रँकलिनच्या यादीत नाही, कारण ते त्याला करावं लागलं नाही.

इथे मला बायकांचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. मजकूर जपा, कापड नको, असं म्हणताना आपण नकळत काय जपतो? ज्याचा छापखाना होता त्याचं काम. बोधवाक्यं कोणाची हे आपल्याला माहीत आहे, कारण बोधवाक्यं पुरवणाऱ्यानंच ते लिहून ठेवलं. वर्गणी देणाऱ्यांची नावं यादीत नाहीत, सुई धरणाऱ्या हातांची तर नाहीतच. नवा झेंडा शिवल्यानं ती नावं परत मिळणार नाहीत हे उघड आहे. पण चार पट्टे जोडायला किती तास लागले, किती वार रेशीम लागलं, बारीक टाक्यानं किती बोटं सोलली, याचा हिशेब निदान डोळ्यांपुढे येतो. यादी वाचून तो येत नाही.

याच शहरातला नंतरचा एक झेंडा टिकून आहे आणि तो साक्षीला काढण्यासारखा आहे. १७७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्वयंसेवक घोडेस्वारांसाठी पिवळ्या रेशमाचा झेंडा रंगवला गेला. आराखडा जॉन फॉलवेलचा, रंग आणि सोनेरी काम जेम्स क्लेपूलचं, आणि दोघांची बिलंही जपलेली आहेत. त्याच्या कोपऱ्यातल्या निळ्या-रुपेरी तेरा पट्ट्यांखाली आधीचा ब्रिटिश युनियन, म्हणजे ब्रिटनच्या झेंड्यावरचे एकमेकांवर पडलेले क्रॉस, दिसतो. त्यावरच पट्टे रंगवले आहेत. राजनिष्ठेवरून बंडाकडे जाताना त्या मंडळींनी नवं कापडसुद्धा घेतलं नाही! कुठल्या जाहीरनाम्यात हे इतकं उघड वाचायला मिळतं? १७४८ चे झेंडे रंगवताना तंत्रासाठी या झेंड्याकडे पाहायला हरकत नाही. मांडणी मात्र त्याच्यावरून उचलू नये, कारण मधे सत्तावीस वर्षं आहेत.

हौशी मंडळींशी माझं भांडण नेमकं इथे आहे. झेंड्याचा आकार काय ठेवला, असं विचारलं की उत्तर येतं, साडेसहा फूट बाय सहा फूट, काठी नऊ फूट दहा इंच. हे माप खरं आहे, पण ते १७६८ च्या शाही हुकुमातलं आहे, तेही राजाच्या पायदळासाठी. ज्यांना फौज म्हणून मान्यताच नव्हती, ज्यांच्यावर राजद्रोहाचा संशय होता, त्या दुकानदारांनी वीस वर्षांनंतरच्या हुकुमाप्रमाणे माप घेतलं असेल का? हे माप वापरू नका असं मी म्हणत नाही. काहीतरी माप घ्यावंच लागतं. पण मग काठीला एक चिठ्ठी शिवा, ‘माप उसनं’. लाज वाटायचं कारण नाही.

यादीतला सगळ्यात लाडका झेंडा माझ्यासाठी दुसरा आहे. तीन हात, एकमेकांची मनगटं धरलेले. एकाची बाही झालरीची, एकाची साधी, एकाची चौकड्याची. सगळ्या थरांची एकी, असा खुलासा फ्रँकलिननं स्वतःच दिला आहे. झालर शेठजींची, साधी बाही कारागिराची, चौकडा खलाशी-हमालांचा. आजच्या छापील प्रतींत हे तिन्ही हात सारखेच गुळगुळीत दिसतात, आणि झेंड्याचा अर्थच जातो. चौकडा किती मोठा, बाही किती वर सरकलेली, हमालाचा हात शेठजींच्या हाताइतकाच जाड काढायचा का? यातल्या प्रत्येक प्रश्नाला राजकीय उत्तर आहे. मजकूर वाचणारा हे प्रश्न टाळू शकतो, रंगवणारा नाही.

आणि हत्ती. सहाव्या झेंड्यावर हत्ती आहे, बोधवाक्य ‘सदैव सज्ज’. खुलासा असा की हा प्राणी कधी आडवा होत नाही म्हणतात, आणि त्याची शस्त्रं कायम त्याच्याजवळच असतात. आपल्याकडे देवळापुढचा हत्ती दुपारी भिंतीसारखा आडवा पडून झोपलेला ज्यानं पाहिलाय तो हसेल. पण अमेरिकेच्या भूमीवर पहिला हत्ती उतरला तो १७९६ मध्ये, बंगालमधून जहाजानं नेलेला. म्हणजे १७४८ च्या फिलाडेल्फियात हत्ती पाहिलेला माणूस विरळाच, आणि रंगवणारा जुन्या चित्रांवर विसंबलेला. हत्तीला गुडघे नसतात, तो उभ्यानंच झोपतो, ही युरोपातली फार जुनी समजूत. आता प्रतिकृतीत हत्ती कसा काढायचा? फोटोवरून हुबेहूब काढला तर तो प्राणिशास्त्राला धरून आणि इतिहासाला सोडून. खांबासारखे सरळ पाय, कुत्र्यासारखे कान असा काढला तर लोक म्हणणार चित्रकाराला हत्ती येत नाही. मी दुसरा काढीन. त्या हत्तीचं अडाणीपण हाच त्याचा काळ आहे.

यात आपला काय संबंध, असं एखादा वाचक विचारेल. थोडा आहे. १७४८ च्या शरदात आखेनचा तह झाला आणि असोसिएटरांचं युद्ध न लढताच संपलं. त्या तहात न्यू इंग्लंडच्या स्वयंसेवकांनी १७४५ मध्ये जिंकलेला लुईबर्गचा किल्ला फ्रान्सला परत गेला, आणि फ्रेंचांनी घेतलेलं मद्रास इंग्रजांकडे परत आलं. अमेरिकन वसाहतवाल्यांना हा सौदा फार लागला. त्याच दशकात हुगळीच्या काठी कोलकात्याचे रहिवासी स्वखर्चानं खंदक खणत होते, १७४२ मध्ये, आपल्या, म्हणजे मराठ्यांच्या, भीतीनं. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून काम थांबलं. मराठे शहरावर आलेच नाहीत. फिलाडेल्फियावरही कोणी चालून आलं नाही. कोलकात्याचा खंदक पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला, तरी त्या भीतीची रेघ नकाशावर उरली. फिलाडेल्फियाची भीती रेशमावर होती, म्हणून ती विरली.

शेवटचा आक्षेप रंगांचा, आणि तोच सगळ्यात अवघड. यादीत पार्श्वभूमीचे रंग नाहीत. कोपऱ्यात युनियन होता का, तेही नाही. लाल, निळा, पिवळा, काहीही भरलं तरी ती आपली भर. अभ्यासू मंडळी इथे हात झटकतात आणि हौशी मंडळी डबा उघडतात. माझं म्हणणं, यादी गप्प आहे तिथे रेशीम कोरं ठेवावं, मूळ हस्तिदंती, आणि चित्रं एकाच गडद रेषेत काढावीत. कोऱ्या रेशमाचा झेंडाही खोटाच, तसा झेंडा तेव्हा कोणी फडकवला नसणार. पण हे खोटं सगळ्यांना लांबूनही कळतं आणि कोणाला फसवत नाही. विसेक झेंडे असे फिकट, रांगेत उभे करावेत. मुकुट त्याच्या देवासकट, कंबरलंड त्याच्या राजासकट, तीन बाह्या, बिनगुडघ्याचा हत्ती, गव्हाच्या पेंढीवर पंजा ठेवलेला सिंह, आणि ‘हिंमत असेल तर उठव’ म्हणणारा झोपलेला सिंह. फक्त एका झेंड्यावर रंग भरायचा, कारण यादीनं तो दिला आहे. आशा, जहाजाच्या नांगरावर हात ठेवून उभी असलेली एक बाई, ‘निळ्या वस्त्रातली’.